एकोणीस वर्षं युनिफॉर्म घातला, आता ऑफिसला पॅन्ट कुठली घालू?

भोसरीचा_भाऊ

नमस्कार मंडळी. प्रश्न हसण्यासारखा आहे, हसून झालं की उत्तर द्या.

मी एकोणीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात शॉप फ्लोअरवर होतो. वर्षाला दोन जोड कंपनीकडून. निळी पॅन्ट, करडा शर्ट, पायात सेफ्टी शूज. सकाळी उठून आज काय घालू हा विचार एवढ्या वर्षांत एकदाही केला नाही, आणि खरं सांगतो, सुख होतं ते. आता एप्रिलपासून मला व्हेंडर डेव्हलपमेंटला घेतलंय, ऑफिस बाणेरला. पहिल्याच दिवशी एचआरचा मेल आला: ड्रेस कोड स्मार्ट कॅज्युअल. जीन्स फक्त शुक्रवारी. कार्गो, ट्रॅक पॅन्ट, चप्पल चालणार नाही. काय चालत नाही ते कळलं. काय चालतं ते कुणी सांगेना.

कपाटात दोन जीन्स आहेत. मेव्हण्याच्या लग्नातली काळी टेरिकॉटची पॅन्ट आहे, तिचं बटण आता लागत नाही. शिवाय एक क्रीम रंगाची आहे, ती कुठून आली हे घरात कुणालाच आठवत नाही.

मग बारावीतल्या चिरंजीवांनी कारभार हातात घेतला. ऑनलाइन दोन 'स्लिम फिट स्ट्रेच चिनो' (म्हणजे फॉर्मल आणि जीन्सच्या मधली कॉटनची पॅन्ट) मागवल्या, कंबर ३६, कारण माझ्या जीन्सवर ३६ लिहिलंय. बटण लागलं, नाही असं नाही. पण पोटरीला अशी चिकटली की बायको म्हणाली, "क्रेप बँडेज बांधलंय का?" खिशात मोबाइल ठेवला तर कॅमेरे किती आहेत ते बाहेरून मोजता येतात. खरा घोळ बसल्यावर. खुर्चीत टेकलो की मागून पॅन्ट खाली सरकते, शर्ट वर जातो आणि मी दर पाच मिनिटांनी हात मागे नेऊन चाचपत बसतो. परवा सप्लायरबरोबरच्या मीटिंगमध्ये पेन खाली पडलं. उचललं नाही. शेजारच्याचं मागून घेतलं.

माप सांगतो. उंची पाच फूट पाच, वजन ८४, पोट आहे, मांड्या जाड आहेत (कॉलेजात कबड्डी). रोज बाइकवर चौदा किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं, त्यात पावसाळा तोंडावर आलाय. बूट धरून बजेट सहा हजार. रेडिमेड घेऊ की शिवू? किती घेऊ? रंग कुठले? आणि शर्ट आत खोचायचा की बाहेर सोडायचा?

निखिल_पीसीएमसी

दादा, सोपं आहे. तीन चिनो घ्या. नेव्ही, खाकी, ऑलिव्ह. वर प्लेन शर्ट नाहीतर पोलो, पायात पांढरे स्नीकर्स. आमच्याकडे निम्मं ऑफिस याच अवतारात असतं. स्लिमऐवजी रेग्युलर घ्या म्हणजे झालं. लांबी थोडी कमी ठेवा, घोटा दिसला की बरं दिसतं.

भोसरीचा_भाऊ

निखिल, मी खाकी पॅन्ट घालून बाइकवर निघालो तर सिग्नलला लोक गडबडीनं हेल्मेट चढवतील.

जुनी_पेटी

पोलिसांची खाकी वेगळी हो. तसं मूळ दोन्हींचं एकच. खाक म्हणजे धूळ. १८४० च्या दशकाच्या शेवटी पेशावरला हॅरी लम्सडेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या गाइड्स पलटणीला धुळीच्या रंगाचे कपडे दिले, तिथून ही खाकी जगभर गेली. आता दुकानात चिनोला खाकी म्हणतात ती बरीच फिकट असते, गव्हाच्या पिठाकडे झुकणारी. 'बेज दाखवा' म्हणा, म्हणजे तो पोलिसी रंग काढून पुढ्यात टाकणार नाही.

कात्री_खडू

भाऊ, मी साताऱ्याला जेन्ट्स टेलर आहे. १९९२ साली वडिलांच्या हाताखाली काज-बटणाला बसलो, आता कटिंग मी करतो. तुमचं ते पेन न उचलणं वाचलं आणि लिहायला बसलो, कारण असं गिऱ्हाईक आठवड्याला एक तरी येतं. सगळ्यांना वाटतं कंबर चुकली. तुमची कंबर चुकलेली नाही. आसन चुकलंय.

आसन म्हणजे कंबरपट्टीपासून दोन्ही पायांच्या मधल्या शिवणीपर्यंतची खोली. माणूस उभा असताना ते कमी असलं तरी कळत नाही. बसला की मागचं कापड सीटवरून वळसा घेऊन जातं, त्याला जास्त कापड लागतं. ते आणायचं कुठून? मग ते वरून ओढून घेतं. पॅन्ट खाली जाते, शर्ट बाहेर येतो. तुम्ही पट्टा आवळत असाल तर सोडून द्या. आवळलं की पोट पट्ट्यावरून पुढे येतं आणि पॅन्ट पोटाखाली आणखी घसरते. हल्लीच्या स्लिम चिनोंचं आसन उथळ असतं, वीस वर्षांच्या सपाट पोटाच्या पोराला ते चालून जातं.

आता तो ३६ चा आकडा. टेप घेऊन जीन्सची कंबर मोजा. ३७, ३८ भरली तरी नवल नाही, लेबलवर कमी लिहिलं की गिऱ्हाईक खूश होतं. त्यातून प्रत्येक कंपनीचा ३६ वेगळा. शिवाय जीन्स तुम्ही पोटाच्या खाली घालता, तिथली कंबर आणि बेंबीखालची कंबर यांत दोन इंचांचा फरक सहज पडतो. म्हणून आकडा विसरा.

दुकानात गेलात तर ट्रायल रूममध्ये बसा. तिथलं स्टूल पिशवी ठेवायला नसतं. बाइकवर बसता तसे पाय फाकवून बसा, मग पुढे वाका. कंबरपट्टी मागून दोन बोटांपेक्षा जास्त उघडली किंवा खाली उतरली तर पॅन्ट तिथंच काढून ठेवा. मग उभं राहून आरशात खिशांची तोंडं बघा. ती माशाच्या कल्ल्यांसारखी उघडत असतील तर सीट कमी आहे. चेनच्या खालून दोन्ही मांड्यांकडे आडव्या रेघा जात असतील, आम्ही त्यांना मांजराच्या मिशा म्हणतो, तर मांडी कमी आहे. मांडीवर दोन्ही बाजू मिळून दीडेक इंच कापड चिमटीत आलं पाहिजे.

मांडी आणि आसन रेडिमेडमध्ये वाढवून मिळत नाही, कुठलाही टेलर काही म्हणो. कंबर इंच-दीड इंच कमी करता येते. त्याहून जास्त केली तर मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात. कंबर वाढवायची असेल तर पॅन्ट उलटी करून मागची मधली शिवण बघा. आम्ही शिवतो तेव्हा तिथं दाब, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडतो, दोन वर्षांनी माणूस सुटला तरी उसवून वाढवता यावी म्हणून. रेडिमेड चिनोला तिथं बहुतेक वेळा घडी मारून दुहेरी टीप घातलेली असते, सोडायला सूतभर कापड नसतं.

तुम्ही शिवूनच घ्या. धंद्याचं म्हणून सांगत नाही, मी साताऱ्यात, तुम्ही भोसरीत, तुमचा माझा व्यवहार होणार नाही. ३८ कंबरेची रेडिमेड पॅन्ट उंच माणसाच्या हिशेबानं कापलेली असते. पाच-पाच उंचीला खालून चार-पाच इंच कापावी लागते. कापलं जातं ते नेमकं निमुळतं टोक, मग मोरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, रुंद राहते. आणि पॅन्टचा गुडघा तुमच्या पोटरीवर येतो. माणसाला वाटतं आपल्यालाच कपडे शोभत नाहीत.

तुमच्या बांध्याचे एक सर माझ्याकडे येतात, त्यांची मापं लिहितो, अंदाज येईल: कंबर ३८, सीट ४२, मांडी २६, गुडघा १९, मोरी १५. मोरी १५ च्या खाली जाऊ देऊ नका. वर पोट आणि खाली बारीक टोक, म्हणजे भोवरा होतो माणसाचा. आणि पुढे प्रत्येक पायाला एकच चुणी घ्या, खिशाकडे तोंड केलेली. चुणी म्हटलं की नव्वदच्या दशकातली फुग्याची पॅन्ट आठवते लोकांना. ती दोन-दोन, तीन-तीन चुण्यांची होती, मीच शिवल्यात शेकड्यानं, ते पाप कबूल आहे. एक चुणी उभं राहिल्यावर मिटते आणि बसल्यावर उघडते. जाड मांडीला याच्याइतकं सुख दुसरं नाही.

कापड कॉटन ट्विल घ्या, पण शिवण्याआधी भिजवून. ही गोष्ट मी एका गुरुजींकडून शिकलो. नवीन नवीन कात्री हातात आली होती, त्यांची कॉटनची पॅन्ट न भिजवता कापली. फिटिंग असं बसलं की वडील पहिल्यांदा 'बरी झाली' म्हणाले. पंधरा दिवसांनी गुरुजी दुकानात आले, काही न बोलता काउंटरसमोर उभे राहिले. पॅन्ट घोट्याच्या वर. मी वर बघितलं, त्यांनी खाली बघितलं. वडिलांनी माझ्या पगारातून कापड आणून नवी शिवून दिली. चार टक्के आटलं तरी ३९ इंचाच्या लांबीत दीड इंच जातो. तेव्हापासून कॉटन रात्रभर बादलीत भिजल्याशिवाय माझ्या टेबलावर येत नाही. भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच टेलरकडे न्या. तो 'गरज नाही साहेब' म्हणेल. ऐकू नका.

बाइकवाल्यांसाठी दोन गोष्टी. आसनाला आतून अस्तराचा तुकडा लावून मागा, सीटवर घासून पॅन्ट पहिली तिथंच फाटते. लांबी बूट घालून द्या आणि अर्धा इंच जास्त ठेवा, पाय ठेवल्यावर पॅन्ट वर चढते. निखिलभाऊ, तुमचा घोट्याचा सल्ला लांब पायांना ठीक. आखूड पायाला घोट्यावर कापलं की पाय आणखी आखूड दिसतो. बुटावर पॅन्ट एकदाच हलकी मोडली पाहिजे.

शर्ट आत की बाहेर हे शर्टच सांगतो. खालची कड सरळ असेल आणि चेनच्या निम्म्यापर्यंत येत असेल तर बाहेर. कड बाजूंनी गोल कापलेली आणि लांब असेल तर आत, तो खोचण्यासाठीच कापलेला असतो.

मृणाल_डोंबिवली

कात्रीदादांनी सगळं सांगितलं, पण पॅन्ट धुणारं माणूस मी आहे म्हणून बोलते. आमचे हे पण बाइकवाले. फिकट बेज पावसाळ्यात नको, मडगार्ड कितीही चांगलं असलं तरी मागच्या बाजूला पोटरीपर्यंत चिखलाची नक्षी येते आणि ती जात नाही. जून ते सप्टेंबर गडद करडा आणि ऑलिव्ह. बेज दिवाळीनंतर काढायची. तिच्या आत पांढरे अंतर्वस्त्र घालायचे नाहीत, पांढरंच उठून दिसतं. करडे किंवा अंगाच्या रंगाचे घ्या. खिशाच्या आतलं कापडही टेलरला पॅन्टच्या रंगाचं लावायला सांगा, पांढरे खिसे बाहेरून दिसतात आणि काही उपयोग नाही मग इस्त्रीचा.

धुताना उलटी करून, चेन लावून. स्ट्रेचवाल्यांना कडक इस्त्री केली की गुडघे येतात आणि परत जात नाहीत.

पांढरे स्नीकर्स मुळीच नको. डाव्या बुटावर गिअरचा काळा डाग पहिल्याच आठवड्यात. तपकिरी लोफर घ्या, पट्टा त्याच रंगाचा. मोजे पॅन्टच्या रंगाचे, पांढरे फक्त पळायला. आणि एक पिशवी करून त्यात रेनकोटची पॅन्ट कायमची गाडीला.

धोटा

इचलकरंजीहून. आमचे माग आहेत. कापड घेताना ठाणाची किनार वाचा. सूटिंगच्या किनारीवर बऱ्याचदा धागा कशाचा ते छापलेलं असतं, ६५ पॉलिस्टर ३५ व्हिस्कोस असं काहीतरी. 'प्युअर कॉटन आहे साहेब' म्हणणाऱ्या सेल्समनला किनार खोटं बोलू देत नाही. ट्विल ओळखायचं तर कापडावर तिरप्या रेघा दिसतात, बोटाला पण लागतात. पॅन्टला हातात वजन लागलं पाहिजे, २४० ते २८० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम) विचारा. त्याहून हलकं कापड दुकानात मऊ वाटतं आणि दुपारपर्यंत पॅन्टला गुडघे येतात. उजेडात धरून पलीकडची बोटं दिसली तर ते शर्टाचं कापड.

पावसाळ्यासाठी एक पॉली-व्हिस्कोस असूच दे, लवकर वाळतं आणि घडी धरतं. फक्त सायलेन्सरपासून जपा. कॉटन करपतं, पॉलिस्टर वितळून पायाला चिकटतं.

निखिल_पीसीएमसी

घोट्याचं मागे घेतो. काल ट्रायल रूममध्ये स्टूलावर बसून बघितलं, माझ्याच तीनपैकी दोन पॅन्ट नापास.

भोसरीचा_भाऊ

मंडळी, तीन आठवडे झाले, हिशेब द्यायला आलोय.

जीन्स मोजली. लेबल ३६, टेपवर ३८ ला थोडी कमी. चिरंजीवांना टेप दाखवली, तो म्हणाला, "मग लिहितात कशाला?" उत्तर नव्हतं.

नेव्ही घेतलीच नाही. निळ्यात एकोणीस वर्षं झाली. गडद करडी पॉली-व्हिस्कोस, ऑलिव्ह कॉटन ट्विल आणि बेज कॉटन ट्विल, प्रत्येकी सव्वा मीटर. बेजची किनार बघितली तर तिच्यावर कॉटन लिहिलेलंच नव्हतं, 'प्युअर' म्हणणारा माणूस दुसरं ठाण आणायला आत गेला. धोटासाहेब, तुमचे त्या एका वाक्यात पैसे वसूल. कापड १६७५ रुपये, शिलाई ६५० प्रमाणे १९५०, लोफर २१००. उरलेल्या २७५ मध्ये बायकोला बरा पट्टा मिळेना, तो तिच्या पाकिटातून आला आणि रोज ऐकवला जातो.

कॉटन न्हाणीघरात दोन बादल्यांमध्ये भिजवलं. ऑलिव्हनं इतका रंग सोडला की बादली गवती चहासारखी. टेलर म्हणालाच, "गरज नाही साहेब." मी म्हटलं, साताऱ्याहून निरोप आहे. त्यानं मान वर करून बघितलं आणि मग चुणी, अस्तर, खिशाचं कापड सगळं न बोलता लिहून घेतलं. कबूल केलेल्या दिवशी मिळाली नाही, ते धरूनच चाललो होतो. पहिल्या ट्रायलला आसन बरोबर, पण मोरी त्यानं १४ केली होती. म्हणे आजकाल असंच चालतं. भोवरा म्हटल्यावर हसला आणि बाकी दोन १५ च्या केल्या. ती पहिली तशीच राहिली, करडी. जरा घट्ट आहे, पण बायको बँडेज म्हणाली नाही.

ऑफिसात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. दिवसभरात एकदाही मागे हात गेला नाही, एवढं मात्र संध्याकाळी घरी आल्यावर लक्षात आलं. शर्ट अजून आतच खोचतो, माझे सगळे शर्ट गोल कडेचे निघाले.

स्लिम फिट दोन्ही चिरंजीव घालतो. पट्ट्याला खिळ्यानं जास्तीचं भोक पाडलंय.

कात्री_खडू

१४ झालेली उसवून मिळते का विचारा, आतल्या शिवणीत दाब असेल तर अर्धा इंच निघेल. आणि मागच्या मधल्या शिवणीत दाब किती सोडला, ते बघितलं का?

भोसरीचा_भाऊ

बघितलं. दोन्हीकडे इंच-इंच. मी म्हटलं एवढा कशाला, तर पोटाकडे बघून म्हणाला, गणपतीत मोदक होतात, मग दिवाळी येते.